फ्लॉरेन्समध्ये एकच दिवस आहे, राजवाडे आणि चित्रसंग्रहालयं कशी पाहावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रोममध्ये मुक्काम, त्यातला एक दिवस फ्लॉरेन्सला. सोबत चौदा वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई. यादीत उफीत्सी हे चित्रसंग्रहालय, अकादेमिया संग्रहालयातला डेव्हिडचा पुतळा, पलाझो वेक्यो आणि पलाझो पित्ती हे राजवाडे, शिवाय जमलं तर बोबोली बाग. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, की व्हॅटिकनमध्ये तासाभरानंतर सगळी चित्रं सारखीच दिसायला लागली, तसं इथे होऊ नये.

मी मराठी पर्यटकांच्या गटांबरोबर या शहरात बरंच काम केलंय, म्हणून शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. बाकीच्या गोष्टी घड्याळ बघून सोडवता येतात. चित्रं सारखी दिसायला लागतात ती त्यांच्यामागचं घर आणि माणसं माहीत नसतात म्हणून. फ्लॉरेन्समध्ये ती अडचण सुटते, कारण इथला बहुतेक सगळा ठेवा एकाच घराण्याचा आहे: मेदिचींचा, जे आधी सावकार होते आणि पुढे राज्यकर्ते झाले. मेदिची आधी एका वाड्यात राहत होते, मग सरकारी राजवाड्यात गेले, त्याच्या शेजारी कचेऱ्या बांधल्या आणि शेवटी नदी ओलांडून पलीकडे राहायला गेले. तुम्ही त्यांच्याच वाटेने, त्यांच्याच क्रमाने चाला. एक मोठी गोष्ट चार ठिकाणी उलगडत जाते आणि चौदा वर्षांच्या मुलीलाही ती धरून ठेवते.

या वाटेवर अकादेमिया येत नाही. मी ती वगळायला सांगेन. मायकेलँजेलोचा मूळ डेव्हिड पाहायलाच हवा याबद्दल वाद नाही, पण त्यासाठी वेगळी रांग, वेगळी वेळ आणि किमान दीड तास लागतो. १५०४ मध्ये तो पलाझो वेक्योच्या दारासमोर उभा केला होता, १८७३ मध्ये आत हलवला आणि १९१० पासून त्या मूळ जागी प्रतिकृती उभी आहे. तो चौक तुमच्या वाटेवरच आहे. मूळ मूर्ती पुढच्या खेपेला.

आता वार. सोमवारी उफीत्सी आणि पित्ती दोन्ही बंद असतात. बुधवारी मेदिचींचा जुना वाडा बंद. गुरुवारी पलाझो वेक्यो दुपारी दोनलाच मिटतो. शनिवार-रविवारी गर्दी, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं मोफत असल्याने तर पाय ठेवायला जागा नसते. उरले मंगळवार आणि शुक्रवार. त्यातला मंगळवार सोमवारची तुंबलेली गर्दी घेऊन येतो, म्हणून मी शुक्रवार निवडते. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून वेगवान गाडी दीड तासात सांता मारिया नोव्हेला स्टेशनला पोचवते. साडेआठपर्यंत उतरता येईल अशी गाडी घ्या.

स्टेशनपासून दहा-बारा मिनिटं चाललं की पलाझो मेदिची रिकार्दी. नऊला उघडतो. बहुतेक पर्यटक इथे येतच नाहीत, ते सरळ डुओमोकडे, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चकडे जातात. पण गोष्ट इथून सुरू होते. थोरल्या कोसिमो मेदिचीने १४४४ मध्ये मिकेलोत्सो या वास्तुकाराकडून हे घर बांधायला घेतलं. घराण्याची पेढी त्याच्या वडिलांनी १३९७ मध्ये काढलेली. कोसिमोला एकदा हद्दपारी भोगावी लागली होती आणि १४३४ मध्ये तो परतला होता, त्यामुळे श्रीमंती किती दाखवायची आणि किती झाकायची याचं भान त्याला होतं. समोर रस्त्यावर उभं राहून भिंत बघा. तळमजल्याचे दगड ओबडधोबड, फुगीर, किल्ल्यासारखे. पहिल्या मजल्याचे घडीव, आणि वरच्या मजल्याची भिंत सपाट गुळगुळीत. बाहेरच्या भिंतीला लागून दगडी बाक आहे, कोसिमोच्या भेटीसाठी आलेली माणसं त्यावर बसून वाट बघत. सासूबाईंना तिथेच दोन मिनिटं बसू द्या. आत शिरलं की मोकळा चौक लागतो आणि मराठी माणसाला ही रचना लगेच उमगते: वाड्यासारखीच, बाहेरून बंद आणि आतून उघडी. याच चौकात एके काळी दोनातेल्लोचा काशाचा डेव्हिड उभा होता.

इथे पाहायचं ते मुख्यतः एकच, वरच्या मजल्यावरचं छोटं प्रार्थनाघर. १४५९ मध्ये बेनोत्सो गोत्सोलीने त्याच्या भिंती रंगवायला घेतल्या. विषय बायबलमधला, तीन राजे बाळ येशूच्या दर्शनाला निघालेत. पण मिरवणुकीतली माणसं मेदिची घरची, त्यांचे मित्र आणि पाहुणे. कोसिमो साध्या खेचरावर, त्याचा मुलगा पिएरो पांढऱ्या घोड्यावर. मुलीला एक काम द्या: गर्दीत चित्रकार स्वतः कुठे आहे ते शोध. त्याने आपल्या लाल टोपीवर सोनेरी अक्षरांत नाव लिहून ठेवलंय. दुसरं काम: एक घोडा मधूनच चिरल्यासारखा दिसतो तो शोध. १६५९ मध्ये मेदिचींनी हे घर रिकार्दी कुटुंबाला विकलं आणि नव्या मालकांनी जिन्यासाठी जागा हवी म्हणून प्रार्थनाघराचा एक कोपरा कापून आत सरकवला. चित्रातलं सोनं मेणबत्तीच्या हलत्या उजेडात चमकावं म्हणून लावलेलं आहे, हे लक्षात ठेवून बघा. खोली इतकी लहान आहे की एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात आणि काही मिनिटांनी बाहेर काढतात. म्हणूनच सकाळी नऊ. उशिरा आलात तर जिन्यात ताटकळत उभं राहावं लागेल आणि गुडघ्यांची पहिली परीक्षा तिथेच होईल.

दहाच्या सुमाराला निघा. डुओमो वाटेत लागतो, बाहेरून डोळे भरून बघा, आत जाण्याची रांग लावू नका. सपाट, गाड्या नसलेल्या रस्त्याने पुढे गेलं की सिन्योरिया चौक.

पलाझो वेक्यो १२९९ मध्ये बांधायला घेतला तो गणराज्याचं सरकार बसावं म्हणून. इथे मेदिची कसे आले हे मुलीला आधीच सांगून ठेवा. १४९४ मध्ये शहराने त्यांना हाकललं. सावोनारोला या धर्मोपदेशकाच्या प्रभावाखाली नवं लोकराज्य आलं आणि नागरिकांच्या मोठ्या सभेसाठी आत एक प्रचंड दालन उभारलं गेलं. मेदिची परतले, पुन्हा गेले, पुन्हा परतले. १५३७ मध्ये धाकट्या शाखेतला सतरा वर्षांचा कोसिमो पहिला ड्यूक म्हणून सत्तेवर आला आणि १५४० मध्ये बायकोसह थेट याच सरकारी इमारतीत राहायला गेला. म्हणजे ज्या घरातून त्याच्या घराण्याला बाहेर ठेवण्याचे ठराव झाले, ते घर त्याने आपलं केलं.

ते दालन, सालोने देई चिंक्वेचेंतो, आत पाऊल टाकताच माणसाला गप्प करतं. लांबी ५० मीटरहून जास्त. जॉर्जो वासारी या चित्रकार-वास्तुकाराने कोसिमोच्या आज्ञेवरून छत सुमारे ७ मीटर उंच केलं आणि नागरिकांच्या सभेच्या त्या जागेत छताच्या ऐन मध्यभागी ड्यूकचा गौरव रंगवला. राजकारण इतक्या उघडपणे छतावर लिहिलेलं मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय. याच भिंतींवर त्याआधी लिओनार्दो आणि मायकेलँजेलो यांना समोरासमोर दोन लढाया रंगवायला दिल्या होत्या. दोघांचंही काम पुरं झालं नाही. वासारीच्या एका युद्धचित्रात उंचावर एका हिरव्या झेंड्यावर बारीक अक्षरांत ‘चेर्का त्रोवा’ लिहिलंय, अर्थ ‘शोध म्हणजे सापडेल’. त्यावरून लिओनार्दोचं चित्र मागे दडलं असावं असा तर्क काही संशोधकांनी मांडला. छोटी दुर्बीण असेल तर आणाच, ती आज तीन ठिकाणी कामाला येईल.

वरच्या मजल्यावर लिफ्टने जा आणि ड्यूकच्या बायकोच्या, एलेओनोरा दी तोलेदोच्या खोल्या बघा. ही स्पेनची, नेपल्सच्या व्हाइसरॉयची मुलगी, १५३९ मध्ये लग्न होऊन इथे आली. तिच्यासाठी ब्रोंझिनोने रंगवलेलं चिमुकलं प्रार्थनाघर थंड निळ्या आणि गुलाबी रंगांचं आहे. तिचं नाव लक्षात ठेवा. आजच्या दिवसाचा धागा तीच आहे. नकाशांची खोलीही तशीच चुकवू नये अशी: कपाटांच्या दारांवर सोळाव्या शतकाला ठाऊक असलेलं सगळं जग रंगवलेलं आहे. मनोऱ्यावर चढायचं नाही. मुलीने हट्ट केला तर बाबांना पाठवा, सासूबाई आणि तुम्ही चौकात बसा.

बारा वाजता जेवा. एकला जेवायला गेलात तर सगळं शहर तुमच्यासोबत जेवायला बसलेलं असेल. शाकाहारी असाल तर पप्पा अल पोमोदोरो मागा, म्हणजे टोमॅटो, शिळा पाव आणि तुळशीच्या जातीचा बेसिल यांचा दाट रस्सा. सासूबाईंना मऊ अन्न लागत असेल तर याहून चांगलं काही नाही. रिबोल्लिता हे पावट्यासारख्या कडधान्याचं आणि भाज्यांचं उसळवजा सूपही उत्तम, पण दोन्ही मागवताना रश्श्यात मांसाचं पाणी आहे का ते विचारा. काटेकोर शाकाहारी असाल तर एक गोष्ट माहीत हवी: पार्मेसान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण वापरतात. ‘चीज नको’ म्हटलं की पुरे. बिलात प्रत्येकामागे बसण्याचे पैसे लावलेले दिसतील, ती इथली रीत आहे, फसवणूक नाही.

एक वाजता उफीत्सी. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच आणि आधीच काढा. शोधयंत्रात वरती येणारी बरीच संकेतस्थळं मध्यस्थांची असतात आणि तेच तिकीट जास्त पैशांना विकतात. अठरा वर्षांखालच्यांना सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे, मुलीचा पासपोर्ट जवळ ठेवा. मोठ्या पिशव्या आणि छत्र्या बाहेर ठेवून घेतात. वर जायला दमवणारे लांबलचक जिने आहेत, पण गरज असलेल्यांसाठी लिफ्ट आहे. लाजू नका, पहिल्याच कर्मचाऱ्याला विचारा.

ही इमारत १५६० मध्ये वासारीने सुरू केली ती सरकारी कचेऱ्यांसाठी. कोसिमोचा मुलगा फ्रान्चेस्को याने १५८१ मध्ये वरच्या मजल्यावर घरची चित्रं-शिल्पं मांडली आणि ते संग्रहालय झालं. १७६९ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. इथे सगळं पाहायचा प्रयत्न करणारा माणूस काहीच पाहत नाही. दोन तास, दहा-बारा कलाकृती, बाकी चालता चालता.

पहिला मुक्काम सुरुवातीच्याच दालनात. तिथे तीन प्रचंड फलक आहेत, तिन्हींवर मेरी सिंहासनावर बाळाला घेऊन बसलेली: चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांचे. तिन्ही साधारण एका पिढीच्या अंतरातले, दुच्चोचा १२८५ चा, जोत्तोचा सर्वांत उशिरा, १३०० नंतरचा. इथे घाई करू नका, पंधरा मिनिटं द्या. आणि चेहऱ्यांकडे नका बघू, मेरीच्या गुडघ्यांकडे बघा. चिमाबुएच्या चित्रात सोन्याच्या रेघांनी वस्त्राच्या चुण्या काढल्यात. त्या सुंदर आहेत, पण आत शरीर असल्याची खात्री पटत नाही. दुच्चोची मेरी तरंगते, तिच्या पायघोळ वस्त्राची सोनेरी किनार नदीसारखी वळत खाली येते. मग जोत्तोकडे वळा. गुडघे पुढे आलेत, त्यावर कापड ताणलंय, बाई खरोखर बसलीय, तिला वजन आहे. आजूबाजूचे देवदूतही एकमेकांच्या मागे उभे आहेत, कुणाचा चेहरा अर्धा झाकलाय. पुढच्या दोनशे वर्षांची इटालियन चित्रकला या एका फरकातून निघाली असं मला मनापासून वाटतं. हे एकदा दिसलं की पुढच्या दालनांतली चित्रं सारखी वाटणं थांबतं, कारण प्रत्येक चित्रकार शरीर, जागा आणि उजेड यांचं काय करतो हे डोळा आपोआप शोधू लागतो.

पुढे पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने काढलेली उर्बिनोच्या ड्यूक-डचेसची जोडचित्रं. ड्यूकचा उजवा डोळा द्वंद्वखेळात गेला होता, म्हणून तो कायम डाव्या बाजूनेच दिसतो. काचेच्या पलीकडे जाऊन पाठीमागचं चित्रही बघा, बहुतेक लोक ते विसरतात. बोत्तिचेल्लीच्या दालनात गर्दी असणारच. ‘व्हीनसचा जन्म’समोर मोबाइल उंचावलेले हात असतील, तेव्हा आधी ‘प्रिमावेरा’च्या पायाशी असलेलं गवत आणि फुलं दुर्बिणीने बघत थांबा. दहा मिनिटांत एक गट जातो, दुसरा येण्याआधी जागा मिळते. तिथेच जवळ ह्यूगो व्हान डर गूसचा भलामोठा फलक आहे. तो मेदिची पेढीच्या ब्रुज शहरातल्या प्रतिनिधीने, पोर्तिनारीने मागवला आणि १४८३ मध्ये तो फ्लॉरेन्सला पोचला. त्यातल्या मेंढपाळांचे राठ हात आणि उघडी तोंडं पाहून इथले चित्रकार थक्क झाले. पेढीच्या व्यापाराने कला कशी हलते याचा हा पुरावाच आहे.

वरच्या मजल्यावर आणखी तीन थांबे: लिओनार्दोची ‘अनुन्चियात्सिओने’, म्हणजे देवदूत मेरीला वार्ता देतो ते चित्र, मायकेलँजेलोचं गोल ‘तोंदो दोनी’, आणि शिंपल्यांनी मढवलेल्या घुमटाची अष्टकोनी ‘त्रिबूना’, जिच्यात दारातूनच डोकावता येतं. टोकाच्या खिडकीतून नदी आणि तिच्यावरचा जुना पूल, पोन्ते वेक्यो, दिसतो. जवळच गच्चीवर उपाहारगृह आहे, चहा-कॉफीसह वीस मिनिटं बसा. ही विश्रांती कापू नका.

ब्रोंझिनोने काढलेलं एलेओनोराचं चित्र शोधा, शेजारी छोटा मुलगा, अंगावर जरीचा भारी पोशाख. सकाळी जिच्या खोल्या पाहिल्या तीच ही. पैठणी ओळखणाऱ्या सासूबाई त्या कापडासमोर तुमच्यापेक्षा जास्त वेळ उभ्या राहतील, राहू द्या. मग खालच्या मजल्यावर तित्सियनची ‘उर्बिनोची व्हीनस’. ती आणि मघाची पिएरोची जोडचित्रं एकाच वाटेने इथे आली: १६३१ मध्ये वित्तोरिया देल्ला रोवेरेच्या वारशात, जी मेदिचींच्या घरची सून झाली. शेवटी काराव्हाज्जोची ढालीवरची मेदुसा आणि आर्तेमिसिया जेंतिलेस्कीची ‘जुडिथ’. दोन्ही चित्रांत रक्त आहे. मुलगी बघेल, आजींना नको वाटलं तर पुढे निघावं.

नदी ओलांडायचे दोन मार्ग. १५६५ मध्ये फ्रान्चेस्कोच्या लग्नाच्या निमित्ताने वासारीने पाच महिन्यांत एक झाकलेला उंच मार्ग बांधला. उफीत्सीतून निघून पुलावरच्या दुकानांच्या डोक्यावरून तो पित्तीपर्यंत जातो, राज्यकर्त्यांना गर्दीत न मिसळता ये-जा करता यावी म्हणून. डिसेंबर २०२४ पासून तो पुन्हा खुला आहे. वेगळं तिकीट आणि ठरलेली वेळ लागते, आत भिंती रिकाम्या आहेत. मिळालं तर घ्या, मुलीला फार आवडेल. नाही मिळालं तर पुलावरून चाला, काही बिघडत नाही. पुलावर १५९३ पासून सोनारांची दुकानं आहेत, कारण फेर्दिनान्दो पहिला याने त्या वर्षी खाटीक वगैरेंना तिथून उठवलं. तिथे पाकीट सांभाळा.

पित्ती मूळचा लुका पित्ती नावाच्या सावकाराचा. एलेओनोराने तो १५४९ च्या सुमारास विकत घेतला, मागच्या टेकडीवर बोबोली बाग आखून घेतली, आणि घराणं हळूहळू इकडे सरकलं. शेवटचा प्रवेश साडेपाचला, तुम्ही चारपर्यंत पोचा. इथे फक्त पॅलाटाइन गॅलरी. चित्रं छतापर्यंत, चौकटीला चौकट भिडवून लावलीत, कालक्रम नाही. ती राजघराण्याने दिवाणखाना सजवावा तशीच ठेवली आहेत, तेव्हा क्रम शोधू नका. व्हीनस, अपोलो, मार्स, ज्युपिटर, सॅटर्न अशी ग्रहांच्या नावांची दालनं आहेत. राफाएलची गोल ‘मादोन्ना देल्ला सेज्जोला’ आणि ‘ला वेलाता’ ही दोन मन लावून पाहा, आणि रूबेन्सचं युद्धाच्या परिणामांवरचं चित्र. ‘सेज्जोला’तली मेरी बाळाला छातीशी घट्ट धरून थेट तुमच्याकडे बघते. दुपारच्या जोत्तोपासून इथवर दोनशे वर्षांत रंगवलेली आई किती जवळ आली ते आपोआप कळेल. बागेत चढ आणि खडी आहे, सासूबाईंसाठी ती नाही.

या घरात १७४३ मध्ये आन्ना मारिया लुइसा वारली, घराण्यातली शेवटची. तिला मूल नव्हतं, भाऊ १७३७ मध्ये निपुत्रिक गेला आणि राज्य लोरेनच्या घराण्याकडे जाणार होतं. त्याच वर्षी तिने नव्या सत्ताधाऱ्यांशी करार केला: सगळा संग्रह राज्याच्या स्वाधीन, पण त्यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी माणसांचं कुतूहल यांसाठी तो इथेच राहावा, असं करारात नमूद आहे. दिवसभर तुम्ही जे पाहिलं ते विकलं आणि विखुरलं गेलं नाही, ते तिच्यामुळे. मला या शहरात सर्वांत जास्त आदर तिच्याबद्दल वाटतो.

कुणी मुक्काम करणार असेल तर आणखी एक जागा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, विशीत. तेव्हा हे शहर इटलीची राजधानी होतं आणि इटलीच्या राजाचा निवास पित्तीत होता. खास परवानगी घेऊन आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. कास्चिने बागेच्या पश्चिम टोकाला १८७४ मध्ये उभारलेली छत्री आणि त्याखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ असंच नाव आहे. शहराच्या मध्यापासून ते लांब आहे, तुमच्या एका दिवसात बसवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीने जा.

तिकिटांचा क्रम असा ठेवा: आधी उफीत्सीची एकची वेळ, मग तिच्या अलीकडे-पलीकडे बाकीचं, आणि ते पक्कं झाल्यावर गाडी. परतीची गाडी साडेसातनंतरचीच घ्या. पित्तीपासून स्टेशनला सासूबाईंना चालवू नका, टॅक्सी करा. रस्त्यात हात दाखवून ती थांबत नाही, टॅक्सीच्या थांब्यावरून किंवा फोन करून घ्यावी लागते.